कोरड्या हाताचं काम

लोखंडी फाटकाच्या वरच्या दांडीवर झूल उलटी टाकलेली आहे, घोडीच्या अंगाला लागणारी बाजू वर. ती गडद निळी आहे हे फक्त काठाच्या पट्टीवरून कळतं. खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतचा सगळा भाग तांबूस तपकिरी झालाय. चिखल नाही, डाग नाही. केस आहेत. दाट, एका अंगावर निजलेले, फ्लीसच्या लवेत खोल शिरलेले. मी चिमटीत एक पुंजका धरून ओढते. चार केस हाती येतात, बाकीचे जागचे हलत नाहीत.

"ओढून नाही यायचे, मावशी," भाची म्हणते. "ही एकदा धुऊन झालीय. घोडीच्या मालकिणीने केस न काढता तशीच मशीनला लावली. पाण्यात फिरून फिरून ते आणखी आत गेलेत."

तिने ओट्याशी घालतात तसले रबरी हातमोजे चढवलेत. जॅकेटच्या एका खिशातून रबरी खरारा डोकावतोय, दुसऱ्यातून पाण्याची फवाऱ्याची छोटी बाटली. केस विंचरून घट्ट बांधलेले. पुण्यात असताना हीच मुलगी चादरीची घडी घालायची म्हटलं की पळून जायची.

आम्ही इंग्लंडच्या उत्तरेला आहोत, यॉर्कशरमधल्या वेन्सलीडेल खोऱ्यात. एप्रिल संपत आलाय. चुना-सिमेंटाशिवाय नुसत्या दगडावर दगड रचून उभ्या केलेल्या भिंती टेकड्यांवरून वर चढत गेल्यात, भिंतींपलीकडे काळ्या तोंडाच्या स्वेलडेल मेंढ्या चरतायत आणि लांबवर सपाट माथ्याचा पेनहिल दिसतोय. मिडलहम गाव इथून जवळच. तिसरा रिचर्ड राजा जिथे वाढला तो पडका किल्ला आणि शर्यतीच्या घोड्यांचे तबेले, या दोन गोष्टींसाठी ते ओळखलं जातं. सकाळी गावच्या चौकातून शर्यतीचे घोडे एकामागे एक माळावर दौडायला निघतात आणि मोटारी निमूटपणे थांबून राहतात. आमची जागा मात्र शर्यतवाल्यांची नाही. आसपासच्या लोकांचे हौसेचे घोडे इथे महिन्याच्या पैशांवर सांभाळायला ठेवलेले असतात. अशा तबेल्याला इकडे लिव्हरी यार्ड म्हणतात. भाची इथे मोतद्दाराचं काम करते. शेण काढण्यापासून औषध पाजण्यापर्यंत सगळं.

आज तिच्या कामाच्या यादीत एकच ओळ आहे: फ्लीसच्या झुली.

यार्डातले सगळेच घोडे सध्या केस गाळतायत. करडी घोडी भिंतीला अंग घासून गेली की दगडांवर पांढरी लव चिकटून राहते. थंडी सरली म्हणून केस गळतात असं मी समजत होते. भाची सांगते, घोड्याचं अंग थंडीपेक्षा दिवसाची लांबी मोजतं. या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस उजेड जेमतेम साडेसात तास मिळतो आणि जूनमध्ये सतरा तासांच्या वर. दिवस वाढू लागला की डोळ्यांवाटे पोचणाऱ्या त्या उजेडाने शरीरातलं मेलाटोनिन घटतं, प्रोलॅक्टिन वाढतं आणि हिवाळी केस मुळापासून सुटू लागतात. बाहेर बर्फ पडत असलं तरी. जानेवारी संपता संपता सुरुवात होते आणि मार्च-एप्रिलमध्ये नुसता कहर. पुण्यात सगळ्यांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सगळ्यांत मोठा सव्वातेरा तासांचा, त्यात थंडीही बेताची. म्हणून आपल्याकडच्या घोड्यांच्या अंगावर एवढं दाट लोकरीसारखं पांघरूण सहसा चढत नाही, आणि उतरतही नाही.

आपल्याकडची झूलही वेगळ्या कामाची. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तिथे झूल म्हणजे शोभा. आरसे, गोंडे, जरी. भाचीला घोड्यांचं वेड लागलं ते तिथेच, वडिलांचं बोट धरून हिंडताना. इथल्या झुलीला शोभेचं काही कारण नाही. ऐन शरद ऋतूत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कामाच्या घोड्यांचे केस यंत्राने भादरून टाकतात, कारण दाट केसांचा घोडा रपेटीनंतर घामाने चिंब होतो आणि या हवेत वाळता वाळत नाही. केस काढले की ऊब जाते. गेलेली ऊब परत द्यायची ती झुलीने.

आणि घामावर फ्लीससारखं दुसरं कापड नाही. हे मी आज सकाळीच पाहिलंय. एक कुमैत घोडा दौडून आला, अंगातून वाफा निघत होत्या. खोगीर उतरवल्याबरोबर भाचीने त्याच्यावर फ्लीसची झूल टाकली, छातीवरची बक्कलं लावली, पोटाखालचे पट्टे आडवे गुंतवले. थोड्या वेळाने मला हाक मारून म्हणाली, "इकडे ये, वरून हात फिरव." झुलीच्या बाहेरच्या लवेवर बारीक थेंबांची साय धरली होती. आतून हात घातला तर घोड्याचं अंग कोरडं होत चाललेलं, ऊबदार. घाम कापडातून पार होऊन बाहेर येऊन बसला होता.

हे होतं कसं, तर फ्लीसचा धागा पॉलिएस्टरचा. पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी ओल स्वतःत घेतं. लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास घेते. म्हणजे घाम धाग्यात मुरत नाही, धाग्याधाग्यांमधून वाट काढत बाहेर जातो. ऊब कापड धरतं ते लवेत कोंडलेल्या हवेमुळे. ही लव तयार होते ती अशी: आधी धाग्यांचे फास विणायचे, मग तारेच्या ब्रशांनी ते फास उचकटून लव काढायची, मग लव एकसारखी कातरायची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावी माल्डन मिल्सने 1979 च्या सुमाराला असं कापड बाजारात आणलं आणि काही वर्षांत गिर्यारोहकांपासून घोड्यांपर्यंत सगळ्यांच्या अंगावर ते गेलं. हलकं, स्वस्त, झटकन वाळणारं. ज्या उभ्या लवेत हवा कोंडते, त्याच लवेत केस कोंडतात. ज्या कोरड्या स्वभावामुळे घाम पार होतो, त्याच स्वभावामुळे घर्षणाची वीज त्यावर साचून राहते. केसावर धन भार चढतो, पॉलिएस्टरवर ऋण, आणि दोघं एकमेकांना सोडत नाहीत.

म्हणून ती फवाऱ्याची बाटली. भाची मोज्यांच्या तळव्यावर एकदाच फुस्स करते आणि तळवे एकमेकांवर चोळते. थेंब दिसता कामा नये, नुसता दमटपणा. दमट रबर वीज वाहून नेतं आणि केसाला पकडतंही. झूल मात्र पूर्ण कोरडी हवी. काल संध्याकाळपासून ती गवताच्या कोठारात दोरीवर होती.

"आता बघ हं." ती हाताचा पंजा झुलीवर सपाट ठेवते आणि आधी कापडाचा कल पाहते. शेपटीकडून मानेकडे हात फिरवला की लव गडद होते, मानेकडून शेपटीकडे फिरवला की फिकी. मग खांद्याच्या जागी, लवेच्या उलट, वितभर लांबीचा एकच फटकारा. उचल. पुन्हा तिथूनच फटकारा. पुन्हा. पुढेमागे घासायचं नाही. पुढे जाताना निघालेला केस मागे येताना परत रोवला जातो. सहा-सात फटकाऱ्यांनंतर तळव्याखाली काहीतरी जमू लागतं, आणि देवापुढच्या वाती वळाव्यात तशी केसांची एक लांबट वळकटी तिच्या हाताखाली फिरू लागते. ती जाड होत जाते, वाटेतले केस स्वतःच ओढून घेते. वितीच्या शेवटी भाची ती उचलून माझ्या ओंजळीत टाकते. वजन नसल्यासारखी, पण ऊब लागते. जिथून निघाली तिथे कापडाचा निळा पट्टा उघडा पडलाय.

मला हे पाहत राहावंसं वाटतं. पण पाहायला आलेल्यांना इथे कुणी उभं राहू देत नाही. दुसरा मोज्यांचा जोड माझ्याकडे येतो.

खांद्याच्या जागी केस सगळ्यांत जास्त का, हे हात चालवताना कळतं. घोडा चालतो तेव्हा खांदा सतत मागेपुढे होतो आणि झूल त्यावर घासत राहते. केसाच्या अंगावर माशाच्या पाठीवर असावेत तसे बारीक खवले असतात, मुळाकडून टोकाकडे झुकलेले. भाची खाली पडलेला शेपटीचा एक लांब केस उचलते. "चिमटीत धर आणि ओढ." एका बाजूने तो गुळगुळीत सरकतो. उलटा धरून ओढला की बोटांना किंचित अडतो. "अडतो ना, त्या खवल्यांमुळे तो एकाच बाजूला पुढे सरकतो. प्रत्येक हालचालीला मूळ पुढे, टोक मागे. घोडा चालतो, केस आत जातो. मशीन फिरतं, केस आत जातो. बाहेर मात्र आपोआप येत नाही."

लोकरीचा नमदा होतो तो याच गुणामुळे. भिंतीपलीकडच्या मेंढ्यांच्या अंगावर जे वरदान, ते आमच्या झुलीत दुखणं होऊन बसलंय. मी आता एक केस जवळून पाहते. अर्धा बाहेर आहे, टोक हवेत, मूळ कापडाच्या विणीखाली. रबराने लव उलटी उचलली की तो आडवा होतो, मग सैल, आणि मग शेजाऱ्यांबरोबर गुंडाळला जाऊन सुटतो. एकेकटा निघत नाही. घोळक्यानेच निघतो.

गोठ्याच्या बाजूने आजोबा येतात. आम्ही दोघी आपापसांत त्यांना आजोबा म्हणतो. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही. सगळं आयुष्य मिडलहमच्या शर्यतीच्या तबेल्यांत गेलं, आता इथे सकाळी दोन तास येऊन लगाम-खोगिरं दुरुस्त करून देतात. माझ्याकडे पाहून मान हलवतात, माझा हात धरतात आणि कोपर खाली घेतात. जोर मनगटातून नको, खांद्यातून. मनगट वापरलं तर एका झुलीतच हात भरून येईल. खरंच, कोपर खाली आल्यावर वळकटी सरळ चालते.

त्यांच्या तरुणपणी फ्लीस नव्हतं. ते सांगतात, रात्रीची झूल तागाची असायची, आतून घोंगडीचं अस्तर. थंडी वाढली की तिच्याखाली आणखी एक पिवळी लोकरी ब्लॅंकेट, लाल-निळ्या-काळ्या पट्ट्यांची. तो ताग म्हणजे बंगालचा. स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकापासून बंगालच्या तागावर चालल्या, आणि त्या तागाने इंग्रजांचे घोडे हिवाळाभर झाकले. मला हे ठाऊक नव्हतं आणि ऐकून मी हात थांबवून उभी राहते. आजोबा सांगतात, ती झूल जड होती, भिजली की दोघांना उचलावी लागे, पण भिंतीवर टाकून वेताने चार दणके दिले की तागावरचे केस आणि धूळ एकदम खाली. ब्लॅंकेटमधले केस मात्र तेव्हाही असेच हाताने काढावे लागत. आठवड्यातली एक दुपार त्यातच जाई.

"आणि त्या धुवायच्या कधी?" भाची त्यांना विचारते.

उन्हाळ्यात एकदा, ते म्हणतात. केस निघाल्यावर.

आता सोपा भाग संपलाय. खांदे आणि पुठ्ठे मोकळे झाले, उरलीय मानेकडची पट्टी, शिवणी आणि छातीवरची वेल्क्रो. इथे रबरी मोजा चालत नाही. भाची खिशातला खरारा काढते, लांबट गोल, बोटांच्या टोकाएवढे रबरी दाते असलेला. शिवणीला धरून छोटे गोल फिरवायचे, केस वर येईपर्यंत, मग सरळ ओढून बाहेर. धातूचा खरारा इथे वर्ज्य; लव फाटते आणि गोळे धरतात. काही जण खिडकीची काच पुसायचं रबरी पातं वापरतात आणि मोठ्या सपाट भागावर ते झकास चालतंही. प्युमिसच्या दगडानेही केस निघतात, पण भाचीचं त्याविषयी मत वाईट आहे. "केसाबरोबर कापडही निघतं. दोन हंगामांत झूल टकली होते."

वेल्क्रोच्या आकड्यांत केस असे अडकलेत की पट्टी चिकटतच नाही. त्यासाठी तिच्याकडे जुना बारीक दातांचा कंगवा आणि गोधडीची सुई आहे. मी सुई घेते. आकड्यांच्या ओळीखालून सुई घालायची आणि केसांची दोरी आडवी उचलायची. या एवढ्याशा पट्टीवर जेवढा वेळ जातो तेवढ्यात मघाशी अर्धी झूल झाली होती. पण ही पट्टी सोडून दिली तर घोडी रात्री फिरताना छातीवरची बाजू सुटेल, झूल एका अंगाला घसरेल, आणि पायात आली तर घोडी घाबरून स्वतःला इजा करून घेईल. माझी सुई इथे कुणासाठी चाललीय हे मला नीट कळलेलं आहे.

तपकिरी केसांखाली आणखी एक थर निघतो. आखूड, ताठ, गव्हाच्या कुसळाएवढे तुकडे. हे गळलेले नव्हेत, कापलेले. शरदात घोडी भादरल्यावर अंगावर राहिलेले खुंट, झूल लगेच टाकल्यामुळे त्यात गेलेले आणि सगळा हिवाळा तिथेच राहिलेले. यांना टोक-मूळ काही नाही, दोन्हीकडून टोचतात. वळकटीतही येत नाहीत, निसटतात. भाची मोजा काढून उघडा तळवा झुलीवर फिरवते आणि जिथे टोचेल तिथे थांबते. "हे काढले नाहीत तर इथे घोडीच्या खांद्यावरचे केस झिजतात, मग कातडी लाल होते. मार्चमध्ये तिचा खांदा लाल होता. सगळे झुलीच्या मापाला दोष देत होते. माप बरोबर आहे."

या खुंटांसाठी व्हॅक्यूम क्लीनर येतो, तोंडाला रबरी कडा असलेला. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्याने तोंड कापडाला चिकटवून अगदी सावकाश ओढायचं. मी ताणून धरते. नळीत खुंटांचा सरसर आवाज येतो, मोहरी फोडणीत पडताना येतो त्याहून बराच कोरडा. ज्या जागी आवाज बंद होतो, ती जागा झाली. कान लावून सफाई करता येते हे मी पहिल्यांदा पाहतेय.

शेजारच्या दांडीवर करड्या घोडीची झूल आहे. मी सहज माझे मोजे तिच्याकडे नेते तशी भाची मधे हात घालते, रागाने नाही पण ठाम. मोजे बादलीत जातात, जंतुनाशकात. नवे मोजे येतात. घोड्यांना होणारं गजकर्ण बुरशीचं असतं; तिचे बीजकण गळलेल्या केसांवर आणि झुलीत महिनोन्‌महिने टिकतात आणि एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातात, माणसाच्याही. म्हणून इथे प्रत्येक घोड्याचा खरारा वेगळा, झूल वेगळी, केसांची पिशवीही वेगळी. एका घोड्याला झालं की सगळं यार्ड बंद ठेवायची वेळ येते. स्वच्छतेचा हा एवढा काटेकोरपणा मी इस्पितळाबाहेर क्वचित पाहिलाय, आणि तो करणारी माझ्या बहिणीची मुलगी आहे याचा मला अभिमान वाटतो. तिला तसं सांगतेही. ती "बरं, ते टोक धर" म्हणते.

ओंजळीओंजळीने काढलेल्या केसांचं काय करायचं, हा प्रश्न मला पडलेला असतोच. कोठाराच्या तुळईखालच्या जाळीत थोडे केस अडकवलेले दिसतात. चिमण्या आणि टिट पक्षी घरट्याच्या अस्तरासाठी ते नेतात. पण यात भाचीचे नियम आहेत. अयाळ-शेपटीचे लांब केस ठेवायचे नाहीत, पिल्लांच्या पायांना ते गुंडाळतात आणि पाय तुटतो. माश्या-गोचिडांवरचं औषध लावलेल्या घोड्याचेही नाहीत, विष घरट्यात जातं. म्हणून आजच्या निळ्या झुलीचे केस कचऱ्याच्या पिशवीत आणि करडीचे आखूड केस जाळीत. दयाही माहितीशिवाय करायची नाही, हे ती कुठे शिकली असेल कोण जाणे.

दुपार उतरायला लागते तेव्हा पाण्याची पाळी येते. या भागातल्या नाणं टाकून कपडे धुवायच्या दुकानांवर 'घोड्यांच्या झुली धुऊ नयेत' अशा पाट्या असतात आणि त्या का असतात ते आज मला पटलंय. ओले केस एकमेकांना धरून दोरखंड होतात, पंपाची जाळी बुजते, दाराच्या रबराच्या घडीत बसतात आणि पुढच्या माणसाच्या शर्टावर निघतात. यार्डात याच कामासाठी एक जुनं दणकट मशीन ठेवलंय. भाची आधी सगळी बक्कलं लावते, वेल्क्रोच्या पट्ट्या एकमेकींवर दाबते, म्हणजे आकडे मोकळे राहून पुन्हा केस पकडणार नाहीत. झूल उलटी, आतली बाजू बाहेर. 30 अंश पाणी, थोडा द्रव साबण, खळबळणं दोनदा. कपडे मऊ करणारं द्रावण अजिबात नाही. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम पार व्हायची वाट बंद होते. मग सकाळची ती थेंबांची साय वर येणार नाही, घोड्याच्या अंगावरच राहील.

मी झुलीचं लेबल वाचते. तापमान लिहिलंय, इस्त्री नको लिहिलंय, ब्लीच नको लिहिलंय. धुण्याआधी केस काढा असं कुठेही नाही. घोड्याच्या अंगावर घालायच्या कापडाच्या लेबलावर ते सगळ्यांत वर, ठळक असायला हवं. हे वाक्य वाचलं असतं तर निळ्या झुलीचा निम्मा त्रास वाचला असता, आणि घोडीचा खांदाही.

मशीन थांबतं. दार उघडून भाची आधी जाळी काढते. ओंजळभर केस निघतात, तेवढे चालतात. झूल हाताला जवळजवळ कोरडीच लागते. पाणी धाग्यात शिरलेलंच नाही, नुसतं वर बसलंय. भिंतीच्या आडोशाला दोरीवर टाकली की वाऱ्याने ती तासाभरात वाळते. मग पुन्हा एक हात फिरवायचा, कारण धुण्याने सैल झालेले शेवटचे केस आता वर आलेले असतात. हा दुसरा हात पुष्कळ जण फिरवत नाहीत. भाची फिरवते. निघालेली वळकटी काडीएवढी बारीक आहे.

घडी घालून झूल पेटीत जाते, घट्ट झाकणाच्या. उंदरांसाठी झाकण, आणि कसरीसाठी ही सगळी मेहनत. मला वाटलं होतं पॉलिएस्टरला कसर कशाला लागेल. कापडाला नाहीच लागत. पण कसरीच्या अळ्यांना केस पचतात. लोकर, पिसं, केस, सगळं केराटिनचंच. केस राहिले तर अळ्या त्यावर जगतात आणि शेजारच्या लोकरी ब्लॅंकेटांवर चढतात. आजोबांची ती पिवळी पट्ट्यांची ब्लॅंकेट याच पेटीत तळाशी आहे. ती वाचवायची आहे.

चारच्या सुमाराला निळ्या झुलीची मालकीण येते, दवाखान्यातली पाळी संपवून, तशाच कपड्यांत. थकलेली दिसते. धुतलेली झूल उलटीपालटी करून पाहते, खांद्याच्या जागी तळवा ठेवते आणि ठेवूनच उभी राहते. भाची तिला मार्चमधल्या लाल खांद्याचं सांगते, खुंट दाखवते, कागदाच्या पुडीत मुद्दाम ठेवलेले. पुढच्या हिवाळ्यात भादरल्यावर घोडी आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, आणि फ्लीसखाली एक पातळ सुती चादर घालायची, म्हणजे केस चादरीवर थांबतील आणि चादर झटकली की संपलं. बाई ऐकते, मोबाइलमध्ये लिहून घेते.

मग म्हणते, गाडीत आणखी एक आहे. हिरवी.

"धुतलेली नाही ना?" भाची विचारते.

नाही. वेळच मिळालेला नाही.

"छान!" भाचीचा चेहरा उजळतो. दोघी गाडीकडे जातात आणि हिरवी झूल दोन टोकांना धरून घेऊन येतात, वाऱ्याकडे पाठ करून तीन-चार वेळा झटकतात. केसांचा लोट कुरणाकडे उडत जातो. मी नवे मोजे काढून बाईच्या हातात देते. ती ते चढवते, मानेच्या पट्टीपासून सुरुवात करू लागते. भाची तिचं कोपर धरते, खाली घेते आणि हात खांद्याच्या जागेवर नेऊन ठेवते.